‘सध्याचं काहीतरी चांगलं द्या’ : समकालीन कादंबरी कुणाला आणि कशी सुचवावी

दापोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई शाळेत शिकवतात. गेल्या जूनपासून नऊ जणींनी मिळून महिन्याला एक कादंबरी वाचायची आणि शेवटच्या शनिवारी एकीच्या घरी जमायचं, असं ठरवलं. ‘शाळा’पासून सुरुवात केली. ती सगळ्यांनी संपवली आणि रात्री साडेनऊपर्यंत बोलत बसल्या. मग ‘रिंगाण’ घेतली, ती तिघींनी पुरी केली. मग ‘उद्या’, ती एकीनेच. आता दोघी म्हणतात, पुन्हा पु. ल. घेऊ या. “आमची निवड चुकतेय, की आजची कादंबरीच अवघड झाली आहे? आणि दुसऱ्याला पुस्तक सुचवायचं तरी कसं?” शेवटी एक पोटप्रश्न: सासरे फक्त ऐतिहासिक वाचतात, त्यांना नवीन काय देऊ?

मी कोकण किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात सत्तावीस वर्षं देवघेव सांभाळते. समीक्षक नाही. पुस्तक घेताना माणूस काय बोलतो आणि परत करताना काय बोलतो, एवढंच मला माहीत आहे. त्याच जोरावर लिहिते.

तुमची निवड चुकलेली नाही. तिन्ही कादंबऱ्या चांगल्या आहेत. क्रम चुकला, आणि त्याहून जास्त म्हणजे पुस्तक हातात देताना जे सांगायला हवं होतं ते कुणी सांगितलं नाही. तुम्ही बहुतेक “साहित्य अकादमी मिळालाय, वाचायलाच हवं” एवढंच म्हणालात. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणायचे.

परत आलेलं पुस्तक कपाटात लावण्याआधी मी ते एकदा झटकते. खुणेसाठी घातलेली वस्तू पडते. डेअरीची पावती, मेडिकलचं बिल, सुकलेलं सोनटक्क्याचं पान, आणि सगळ्यात जास्त एसटीची तिकिटं. पूर्वीची छापील तिकिटं पुस्तकात दहा-दहा वर्षं शाबूत राहायची. आता मशीनचं तिकीट पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरं होतं. पण ते कुठल्या पानाला होतं हे कळायला अक्षरं लागत नाहीत. नव्या कादंबऱ्यांमधली तिकिटं मला बहुतेक पन्नासाव्या पानाच्या अलीकडेच सापडतात. तिथे एसटी थांबली आणि वाचक उतरला. परत चढला नाही.

तो का उतरतो, हे मला तात्यांनी शिकवलं. तात्या म्हणजे आमचे एक निवृत्त तलाठी. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ त्यांनी तीनदा नेली. धरणग्रस्तांवरची कादंबरी, तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा मला वाटलं, हे तर तात्यांचंच पुस्तक. तोही धरणाने उठवलेल्या गावाचाच विषय. प्रत आल्या आल्या राखून ठेवली, त्यांच्या हातात दिली, वर म्हटलं, “तुम्हाला आवडणारच.” चौथ्या दिवशी पुस्तक टेबलावर. तात्या चष्मा पुसत म्हणाले, “म्हशीला शोधतायत अजून. सापडली की कळवा.”

मी हसले, पण रात्री डोक्यातून जाईना. विषय एकच, पुरस्कार तोच, मग बिनसलं कुठे? दोन दिवसांनी त्यांनाच विचारलं, ‘झाडाझडती’त तुम्हाला नक्की काय आवडलं? त्यांनी एका दमात सांगितलं. मोबदल्याच्या फायली कशा अडतात, पंचनाम्यात काय लिहिलं जातं आणि काय गाळलं जातं, कचेरीतला कोण माणूस कुठे हात पसरतो. चाळीस वर्षं त्यांनी तेच पाहिलेलं. त्यांना धरण नकोच होतं, त्यांना यंत्रणा हवी होती. घटनेमागून घटना, माणसामागून माणूस, आणि शेवटी सगळ्याचा हिशेब लागलेला.

‘रिंगाण’मध्ये तो हिशेब नाही. गाव उठलेलं आहे, मागे सुटलेली म्हैस आता रानटी झाली आहे, तिला आणायला माणसं जुन्या गावाच्या रानात परत जातात. बस्स. नावच रिंगाण, तेव्हा ती गोल फिरणारच. तेच रान, तीच वाट, तीच म्हैस पुन्हा समोर येते, आणि दर फेरीला माणूस आणि रान एकमेकांना थोडे आणखी परके झालेले दिसतात. तिथे “पुढे काय झालं” विचारत वाचणारा माणूस वैतागतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

म्हणून माझा पहिला सल्ला: विषयावरून सुचवू नका, चालीवरून सुचवा. बैलाची जशी चाल असते तशी कादंबरीची असते. काही कादंबऱ्या घटनेच्या पायांनी चालतात, काही एखाद्या माणसाच्या बोलण्याने, काही नुसत्या भाषेने, काही डोक्यातल्या प्रश्नाने. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) तुमच्या नवाच्या नऊ जणींना चालली, कारण नववीतला एक मुलगा तुमच्याशी थेट बोलतो आणि त्याच्या मागून चालत राहिलं की पुरतं. आणीबाणी आहे, पण ती खिडकीबाहेर. तिथून एकदम ‘रिंगाण’वर उडी म्हणजे पाखाडी उतरून थेट खाडीत पाय. मधे एखादी पायरी हवी होती. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ चालली असती. शिकलेला पण नोकरी नसलेला शेतकऱ्याचा मुलगा, विदर्भातलं घर, कोरडवाहू शेती. भाषा तिकडची, पण गोष्ट पुढे सरकत राहते, त्यामुळे बोलीला कान सरावतो.

दुसरा सल्ला मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पुस्तक देताना त्याची स्तुती करू नका, त्यातली अडचण सांगा. “ह्यात म्हैस सापडते का याची वाट बघू नका. कोल्हापूर-पन्हाळ्याकडची बोली आहे, पहिली वीस पानं मोठ्याने वाचा. तेच तेच येतंय असं वाटेल, ते मुद्दाम आहे.” एवढी तीन वाक्यं. ऐकणाऱ्याला वाटतं आपण पुस्तकाला नावं ठेवतोय. पण तिसाव्या पानावर अडखळल्यावर त्याला आठवतं, अरे, बाई म्हणाल्या होत्या. अडचण आधी माहीत असली की ती पुस्तकाची होते. नसली तर वाचक ती स्वतःवर घेतो, “आपल्याला काही कळत नाही बुवा” म्हणतो आणि नव्या कादंबरीच्या वाटेला पुन्हा जात नाही. असे किती वाचक मी घालवले असतील!

तात्यांना वर्षभराने ‘रिंगाण’ परत दिली, ही तीन वाक्यं सांगून. त्यांनी पुरी केली. आवडली का, तर “बरी आहे, पण म्हशीचं म्हणणं पटलं” असं म्हणाले. मला तेवढं पुरे.

‘उद्या’बद्दल तुमच्या गटात काय झालं असेल याचा अंदाज करते. नंदा खरे पेशाने स्थापत्य अभियंते, आणि ‘आजचा सुधारक’ या मासिकाचे संपादक होते. त्यांच्या लेखनात विचार पुढे आणि पात्रं त्याच्या मागून येतात. नजीकच्या भविष्यातला महाराष्ट्र, पाळत, बाजार, सत्ता, आणि या सगळ्याखाली भरडली जाणारी माणसं. एकाच नायकाचा हात धरून जायचं म्हटलं तर हात सापडत नाही. २०२० चा अकादमी पुरस्कार या कादंबरीला जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. समाजाने मला भरपूर दिलं आहे, पुरस्कार घेणं मी आधीच थांबवलंय, अशी त्यांची भूमिका होती. ही कादंबरी मी कादंबरी वाचणाऱ्यांना आधी देतच नाही. जे अग्रलेख वाचतात, विज्ञानावरची पुस्तकं नेतात, मोबाइलवर बातम्या वाचून चिडतात, त्यांना देते. आमच्या इथे एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या मुलाने ती दोन रात्रींत संपवली. तो एरवी कादंबऱ्यांना ‘टाइमपास’ म्हणतो.

तुमच्या ज्या मैत्रिणीने ती एकटीने पुरी केली, तिला पुढच्या शनिवारी गोष्ट सांगायला लावू नका. ती कुठे अडखळली आणि तरी का थांबली नाही, तेवढं दहा मिनिटं सांगू द्या. बाकीच्यांतल्या दोघी तरी पुस्तक परत उघडतील.

आता वाचक ओळखायचा कसा. “तुम्हाला काय आवडतं” हा प्रश्न मी सोडून दिला. त्याला सगळे तीच चार-पाच नावं सांगतात, कारण ती सांगायला बरी असतात. त्याऐवजी मी विचारते, “शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कुठलं? आणि का सोडलंत?” इथे माणूस खरं बोलतो. “फार वर्णन होतं.” “सगळेच दुःखी.” “कोण कुणाचा कोण तेच कळेना.” “शिव्या फार.” प्रत्येक उत्तरात पुढच्या पुस्तकाचा पत्ता असतो. कोण कुणाचा कोण कळत नाही म्हणणाऱ्याला मी रंगनाथ पठारेंची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) देणार नाही, कितीही चांगली असली तरी. पिढ्यान्‌पिढ्यांचा पसारा आहे तो. द्यायचीच झाली तर सोबत वहीचं कोरं पान देईन, नावं लिहायला. हा विनोद नाही. मी स्वतः तशीच वाचली, आणि पान अजून त्या प्रतीत आहे.

सगळेच दुःखी अशी तक्रार असेल तर श्याम मनोहर. ‘उत्सुकतेने मी झोपलो’ला २००८ चा अकादमी पुरस्कार आहे, पण त्यांच्या नावाला लोक उगाच घाबरतात. छोटी वाक्यं, साधी माणसं, आणि त्यांना पडणारे विचित्र प्रश्न. हसू येतं, मग आपण कशाला हसलो हा विचार येतो. अडचण कुठली सांगायची? गोष्ट कुठेच जात नाही ही. टपरीवर चहा घेताना शेजारच्यांचं बोलणं कान देऊन ऐकणाऱ्या माणसाला ते चालतं.

शिव्या आणि शरीराबद्दलचं मोकळं लेखन, याविषयीही आधी सांगावं. सांगावं म्हणजे ताकीद द्यावी असं नाही. कविता महाजनांची ‘ब्र’ मी बचत गटातल्या बायकांना दिली, आदिवासी भागातल्या महिला सरपंचांचं त्यात आहे म्हणून, आणि एवढंच म्हटलं, “सरळ लिहिलंय, काही झाकलेलं नाही.” ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या एक बाई ती घेऊन गेल्या आणि मुदतीत परतच केली नाही. दंड भरला. “दुसरीला देते,” म्हणाल्या.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मात्र मी कुणाला सुचवत नाही, फक्त दिसेल अशी ठेवते. भाऊ आणि बहीण दोघंही घरी राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात, आधी भाऊ बोलतो, मग बहीण. छोटी कादंबरी. काही वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका मुलाने ती वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत आणली. मी कव्हर काढलं नाही, तसंच कपाटात लावलं. दोन महिन्यांनी त्यानेच पुन्हा नेली. पुस्तक देणाऱ्याने कुणी काय नेलं याबद्दल तोंड उघडायचं नाही. तुमच्या गटातही हा नियम असू द्या. आपलं गाव छोटं आहे, शनिवारी बोललेलं रविवारी मच्छी मार्केटात पोचतं.

कोकणातल्या वाचकाला कोकणाचीच कादंबरी द्यावी, हा समज बाहेरच्यांचा. चाकरमानी गणपतीत येतात तेव्हा श्री. ना. पेंडसे मागतात, चिं. त्र्यं. खानोलकर मागतात, इथे बारा महिने राहणारा मात्र म्हणतो, “आमचंच आम्हाला काय सांगता?” पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) दोन खंडांत आहे, जगबुडीकाठच्या खोतांची. २०१८ चा ‘तुंबाड’ हा भुताखेतांचा सिनेमा आल्यावर पोरं ती मागायला यायची. मी आधीच सांगायचे, “सिनेमाला नाव तेवढं इथून गेलंय, त्यातला तो राक्षस हस्तर नाही हां ह्यात.” बहुतेक जण परत गेले. एक राहिला, आणि त्याने दोन्ही खंड वाचले. घरी खोतीच्या जमिनीचा वाद चालू होता, त्याला त्यात आजोबा दिसले.

आजचा कोकण हवा असेल तर प्रवीण दशरथ बांदेकर. सावंतवाडीचे. ‘चाळेगत’ आधी, मग ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’, जिला २०२२ चा अकादमी पुरस्कार मिळाला. पण दापोलीच्या वाचकाला मालवणी आपोआप कळते, हा मुंबईकरांचा गैरसमज तुम्ही करून घेऊ नका. आपली उत्तरेकडची बोली वेगळी, सिंधुदुर्गातली वेगळी. ‘चाळेगत’च्या संवादांत मालवणी येते. मी पहिल्यांदा वाचताना बरंच डोळ्यांनी सरकवत गेले. एका पावसाळी दुपारी, लाइट गेलेले, वेंगुर्ल्याकडून बदलून आलेले बँकेतले एक गृहस्थ टेबलाशी टेकून त्यातलं एक पान मोठ्याने वाचायला लागले. ज्या ओळी मी सपाट वाचल्या होत्या तिथे त्यांचा आवाज देवाला गाऱ्हाणं घालताना चढतो तसा चढला. खुर्चीतली दोन म्हातारी माणसं पेपर खाली ठेवून ऐकत राहिली. पान संपलं तसे म्हणाले, “असां वाचूक व्हया, बाई.” तुमच्या नऊ जणींत कुणाचं माहेर कुडाळ-मालवणकडचं असेल तर ती कादंबरी तिच्या तोंडून सुरू करा. ‘बाहुल्या’च्या वेळी पिंगुळीच्या ठाकरांनी जपलेल्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ कुणी पाहिला असेल तर तिला बोलू द्या. त्या कादंबरीतलं बाहुल्यांचं रूपक आजच्या दबावाच्या काळाबद्दल आहे, आणि दोऱ्या वर कुणाच्या हातात असतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्याला ते लवकर लागतं.

वेळेचंही बघा. आमच्याकडे मार्च ते मे नवीन कादंबरी हलत नाही. आंब्याच्या पेट्या, लग्नं, घरात मुंबईची माणसं. लावणी उरकली, श्रावण लागला की लोक जाड पुस्तकं मागतात. तुम्ही जूनमध्ये सुरुवात केलीत, म्हणजे तुमच्या शाळेच्या ऐन गडबडीत. कठीण पुस्तकं ऑगस्टपासून घ्या, मे महिन्यात दीडशे पानांच्या वरचं काही नको. (आणि पावसाळ्यात पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर घालू नका. आत दमट हवा कोंडते आणि बुरशी पुठ्ठ्यावर चढते.)

पुरस्कारांविषयी माझं मत: ते खरेदीच्या यादीसाठी बरे, शिफारशीसाठी नाहीत. पुरस्कार जाहीर झाला की पंधरा दिवस मागणी असते, मग प्रत धूळ खाते. नव्या लेखकाची पारख करायला दिवाळी अंक चांगले. कादंबरीतला अंश किंवा त्याच लेखकाची कथा तिथे छापून आलेली असते. पंधरा पानांत चाल कळते आणि चारशे रुपये वाचतात. तुमच्या गटाने नऊ प्रती विकत घ्यायची काही गरज नाही. दोन घ्या, एक तालुक्याच्या वाचनालयातून काढा, आणि पन्नास पानांनंतर सोडायची प्रत्येकीला मुभा ठेवा. मात्र सोडणारीने त्या पानाला तिकीट ठेवून यायचं. शनिवारची चर्चा तिकिटांपासून सुरू करा. “आवडली का?” विचारलंत की सगळ्या मान हलवतात आणि पोहे येतात.

राहता राहिले तुमचे सासरे. त्यांना नंदा खऱ्यांचीच ‘अंताजीची बखर’ द्या. हो, ‘उद्या’वाल्यांचीच, पण त्यांना ते आधी सांगू नका. अठराव्या शतकातला काळ, मराठ्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या, आणि सांगणारा कुणी सेनापती नव्हे तर अंताजी, स्वतःची कातडी सांभाळत सगळं बघणारा माणूस. अडचण दोन जागी येईल. भाषा बखरीच्या वळणाची आहे. ती त्यांना उलट आवडेल, मोठ्याने वाचून दाखवा म्हणा. दुसरी खरी अडचण. ऐतिहासिक वाचणाऱ्याला शूर माणूस लागतो, आणि अंताजी काही शूर नाही. हे पुस्तक देतानाच सांगून टाका. आमच्या इथले एक माजी सैनिक त्या जागी थांबले होते, “हा कसला मराठा?” म्हणून. मग आठवड्याने परत येऊन विचारत होते, याचा पुढचा भाग आहे का. आहे, ‘बखर अंतकाळाची’. ती तयार ठेवा.